वॉर्निश वाळायच्या आधीची ईद

घरातलं फर्निचर माणसाने स्वतः रंगवावं का, असं मला कोणी विचारलं तर मी सांगेन, जरूर रंगवावं. फक्त आधी चंद्राला विचारून घ्यावं.

मुळात मला आलोंगने डिवचलं. आलोंग म्हणजे माझी थोरली बहीण. नाव तिचं सलमिया, पण थोरलीला नावाने हाक मारायची आमच्यात पद्धत नाही, आणि मी मारली असती तर तिने माझा कान उपटून हातात दिला असता. मी धाकटी, म्हणून उसू. पन्नाशी उलटली, गुडघे कुरकुरायला लागले, तरी आपली उसूच. वडील गेल्यावर आमच्या आईला, माकला, आलोंग इपोहला आपल्या फ्लॅटवर घेऊन गेली. माकचे पाय दुखतात, तिथे दवाखाना जवळ, लिफ्ट आहे, असं तिचं म्हणणं. खोटं नव्हतं ते. पण माकच्या कोंबड्या, तिचं सुवासिक पानांच्या पांदानचं बेट, तिच्या गप्पांच्या बायका सगळ्या इकडे क्वाला कांगसारजवळच्या आमच्या गावात, आणि ती तिकडे अकराव्या मजल्यावर. वर्षातून एकदा ईदला सकाळी यायची आणि संध्याकाळी गाडीत बसून परत. जाताना काचेतून हात हलवायची. मी आत येऊन भांडी आपटत घासायची, आणि माझा नवरा बिदिन शहाण्यासारखा बाहेर जाऊन बसायचा.

बरं, माकला विचारावं, तुला कुठे राहायचंय, तर तिचं ठरलेलं उत्तर. "तुम्ही दोघी ठरवाल तसं." थोरलीचा शब्द मोडायचा नाही, धाकटीचं मन मोडायचं नाही, म्हणून बाई तोंडच उघडायची नाही.

गेल्या ईदला मी धीर करून बोललेच. म्हटलं, आलोंग, यंदा माकला इथे राहू दे. आलोंग माझ्या कोचाच्या काठावर बसली होती. अगदी काठावर, कारण मधे बसलं की माणूस आत जायचा. तिने कोचाच्या हातावर हात ठेवला आणि कोचाचा हात तिच्या हातात आला. तो तिने माझ्यापुढे धरला.

"उसू, तुझ्या घरात धड बसायला जागा नाही. पडद्यांचा मूळ रंग कुठला होता, तुला तरी आठवतोय का? म्हातारीला इथे ठेवू कुठे, फडताळात? पुढच्या ईदला घर माणसांत आण, मग बोलू."

चार माणसांत बोलली. म्हणजे शब्दच दिला तिने, असं मी धरलं. बिदिन म्हणाला, अगं, ती चिडून बोलली. मी म्हटलं, चिडून दिलेला शब्दसुद्धा शब्दच असतो.

नवीन कोच आणायचा नाही, हेही मी ठरवून टाकलं. लाकूड जुनं आहे, कसदार आहे, फक्त तोंड काळवंडलंय. रमजान लागला तशी मी खरकागद घेऊन बसले. उपास पोटात आणि लाकडाचा भुगा नाकात. बिदिन म्हणायचा, "घशात भुगा गेला तर रोजा मोडतो का गं?" मी म्हणायची, तुझी बडबड कानात गेली तर मोडत नाही ना, मग भुग्यानेही नाही मोडत. घास.

सगळ्यांत पहिला हात घातला तो माकच्या खुर्चीला. रुंद हातांची, वेताच्या बैठकीची खुर्ची. दर ईदला माक तिच्यात बसायची आणि आम्ही सगळे रांगेने पुढ्यात गुडघे टेकून तिचे हात चुंबायचो. ती इपोहला गेल्यापासून खुर्ची घराखाली, घर ज्यांवर उभं आहे त्या खांबांच्या मधे पडली होती आणि कोंबड्यांनी तिच्यात अंडी घालायचा रिवाज पाडला होता. मी कोंबड्यांना हाकललं, वेताची बैठक बाजारातून विणून आणली, लाकूड घासून घासून गुळगुळीत केलं, वॉर्निशचे हात दिले. खुर्ची अशी उजळली की मला माझ्याच हातांचा मुका घ्यावासा वाटला. मांजर बसेल म्हणून चादर टाकून आतल्या खोलीत ठेवली, आणि पुढच्या धबडग्यात तिच्याकडे पुन्हा ढुंकूनही पाहिलं नाही.

मग पडदे आणि कोचाच्या गाद्यांच्या खोळी. ईदला आमच्याकडे प्रत्येक घर आपला एक रंग ठरवतं, कपड्यांना, पडद्यांना, सगळ्याला; यंदा आमच्या घराचा रंग मी हिरवा ठरवला होता, पांदानच्या कोवळ्या पानासारखा. दुकानातून रंगाच्या पुड्या आणल्या, मागच्या अंगणात चूल मांडली, भलंमोठं पातेलं चढवलं, मूठमूठ मीठ टाकलं आणि पडदे त्यात सोडून काठीने ढवळायला लागले. काय मजा असते हो त्यात. आपलंच घर उकळतंय असं वाटतं. कापूस रंग पीत होता, पडद्यांची झालर मात्र नायलॉनची की कशाची, ती पांढरीच राहिली. मी म्हटलं, झकास, मुद्दाम केल्यासारखं दिसतंय. रंग पांदानच्या पानावर न जाता तळ्यातल्या शेवाळावर गेला, पण तेही मी हसत घेतलं. बिदिनचे दोन बनियन दोरीवरून पातेल्यात पडले, तेही शेवाळी झाले. मांजर पातेल्याशेजारच्या ओघळातून चालत गेलं आणि घरभर हिरवी पावलं उमटवून आलं. माझे हात कोपरापर्यंत हिरवे.

"हात तरी धू," बिदिन म्हणाला.

"धुतलेत."

"मग पुन्हा धू."

"पुन्हाही धुतलेत, बिदिन. आता गप्प बस आणि ब्रश धर."

रंगवलेलं कापड पाणी स्वच्छ निघेपर्यंत खळबळावं लागतं, हे मला ठाऊक होतं. पण हात भरून आले होते, आणि हाताशी अख्खा सोमवार होता. कॅलेंडर म्हणत होतं ईद मंगळवारी. तांदळाच्या दुकानाने वाटलेलं चांगलं गुळगुळीत कॅलेंडर. रोजे एकोणतीस की तीस हे शेवटी चंद्रच ठरवतो, हे आमच्याकडे शेंबड्या पोरालाही कळतं. मलाही कळतं. पण छापलेलं दिसलं की माणूस चंद्राला विसरतो. म्हणून मी रविवारी सकाळी सगळ्या कोचाला, दोन्ही खुर्च्यांना, टीपॉयला वॉर्निशचा शेवटचा जाड हात दिला. सोमवारी दिवसभर वाळेल, खोळी खळबळून होतील, मांस शिजेल, मंगळवारी आलोंग येईल आणि तिच्या तोंडाचा आ वासेल. असा सगळा बेत.

रविवारी संध्याकाळी रोजा सोडून आम्ही टीव्हीपुढे बसलो. जमिनीवर, कारण बसायच्या सगळ्या जागा ओल्या. दरवर्षी ईदचा दिवस जाहीर करणारे, काळी टोपी घातलेले ते गृहस्थ आले, चष्मा सारखा केला आणि संथपणे वाचायला लागले. चंद्र दिसलाय. ईद उद्या, सोमवारी.

बिदिनच्या तोंडात खजूर होता, तो तसाच राहिला. दुष्काळात तेरावा महिना हे ऐकलं होतं, पण महिन्यातला दिवसच कोणी उचलून नेतं, हे मी प्रथमच अनुभवलं. म्हणजे दर चार-पाच वर्षांनी होतंच आमच्याकडे हे, पण आपल्या वॉर्निशच्या वेळी होईल असं कोणाला वाटतं का? बाहेर गावभर एकच गलका. कोणाच्या कोंबड्या ओरडायला लागल्या, कारण त्यांचं मरण एक दिवस अलीकडे आलं होतं. शिंप्याचं मशीन खडखडायला लागलं. पोरं फटाके उडवायला लागली. त्यांना काय.

फोन वाजला. आलोंग.

"उसू, सकाळची नमाज झाली की निघतोच आम्ही. रेंडांग झालं ना?"

"झालंच," मी म्हटलं. नारळाच्या दुधात तासन्तास शिजवायचं ते मांस फ्रीजमध्ये दगड होऊन पडलं होतं.

मग आम्ही दोघं जी पळापळ करत होतो ती तुम्ही पाहायला हवी होती. मी एका हाताने रेंडांग ढवळत होते आणि दुसऱ्या हातात केस वाळवायचं यंत्र धरून ते टीपॉयवर फिरवत होते. बिदिन सूप घेऊन कोचाला वारा घालत होता, एखादा नवाबच पहुडलाय जणू त्यावर. घरातले सगळे पंखे लावले. हवा मेली दमट, वॉर्निश आपलं ओठ मिटून चिकटच. पडदे पिळून तसेच टांगले. बिदिन म्हणाला, "वाळायला खिडकीइतकी चांगली जागा कुठली?" त्यांच्यातून हिरवे थेंब टपकायला लागले, म्हणून खाली वाट्या मांडल्या. खोळींवर मी इस्त्री फिरवली तर इस्त्रीचा तळवा हिरवा झाला. घरात नारळाचा, गवती चहाचा आणि वॉर्निशचा असा एक वास भरला की मांजर बाहेर जाऊन शिंकलं. आणि खरं सांगू, मधेच आम्हा दोघांना असं काही हसू फुटलं की मी जमिनीवर बसले आणि बिदिनने सुपाने मला वारा घातला. पण हसता हसताही डोक्यात तेच. उद्या आलोंगला एक बोट ठेवायला जागा मिळाली की माक गेली पुन्हा वर्षभर.

सकाळी बिदिनने माकची खुर्ची बाहेर आणून मधोमध मांडली. मी स्वयंपाकघरात केतुपातची, म्हणजे नारळाच्या पानांत शिजवलेल्या भाताची, पानं सोलत होते, मला पत्ता नाही. तेवढ्यात गाडी आली. आलोंग उतरली, तिचा नवरा बहरोम उतरला. त्यांच्या घराचा यंदाचा रंग पांढरा होता. बहरोम डोक्यापासून पायापर्यंत दुधात बुडवून काढल्यासारखा.

"हाताला काय झालंय तुझ्या?" आलोंगने पायरीवरच विचारलं.

"मेंदी."

"हिरवी?"

"वाळल्यावर लाल होते," मी म्हटलं.

माक आत आली. काठी टेकत, हळूहळू. तिने पडदे पाहिले, वाट्या पाहिल्या. मग तिला खुर्ची दिसली. तिने खुर्चीच्या हातावरून हात फिरवला, एकदा, पुन्हा एकदा, वेताची बैठक बोटाने दाबून पाहिली. मग पाठ टेकून नीट बसली. आम्ही रांगेने तिच्यापुढे गुडघे टेकले. वर्षभरात जे काही बोलले, वागले, त्याची माफी कर, असं दरवर्षी म्हणायचं असतं. मी तिचे हात हातात घेतले आणि चुंबले. माक म्हणाली, "तुझ्या हातांना काय गं झालंय, पोरी," आणि माझे हिरवे हात तिने गालाला लावले.

तोवर बहरोम कोचावर बसला होता. आरामात, दोन्ही हात दोन्ही बाजूंना पसरून. त्याच्या समोरच्या खुर्चीत आलोंग बसली, कोपरं टेकून. मी डोळे मिटले.

"उसू," बहरोम जरा वेळाने म्हणाला, मोठा सभ्य माणूस, "तुझा कोच मला सोडत नाहीये."

त्याने उजवी बाही ओढली तर चर्र असा आवाज आला. डावी ओढली तर तोच. मग तो उसळून उठला आणि गादी त्याच्या पाठोपाठ उठली. गादी पडली तेव्हा त्याच्या पांढऱ्या विजारीवर मागे गोल, शेवाळी, ठसठशीत छाप. खोळीवरचं विणलेलं फूलसुद्धा उमटलं होतं, पाकळी न पाकळी. बिदिन म्हणाला, "छान बसलाय रंग," आणि मी त्याला चिमटा काढला.

आलोंग उठायला गेली आणि तिची रेशमी बाही खुर्चीला चिकटून राहिली.

"हे तुझं माणसांत आणलेलं घर? बहीण म्हणून आले तर मला चिकटवून टाकलंस?"

"कॅलेंडर मंगळवार म्हणत होतं, आलोंग."

"चंद्र तुझ्या कॅलेंडरला विचारून उगवतो का?"

 माझ्या डोळ्यांत पाणी आलं. रागाचं, लाजेचं, सगळंच. हात दाखवून अवलक्षण ते हेच. झालं, म्हटलं, संपलं. बसायला जागा नाही तर नाहीच. आता ही वर्षभर इपोहमध्ये सगळ्यांना सांगणार आणि माक संध्याकाळी काचेतून हात हलवणार.

"अगं पोरींनो," माक म्हणाली, "मीपण चिकटलेय."

 आलोंगने बाहीची पर्वा सोडून हिसका दिला, बाहीची शिवण सुटली, आणि ती माककडे धावली. "बघू. दे हात." तिने ओढलं तशी माक कळवळली.

"हळू गं बाई. साल निघेल माझी."

बिदिन खोबरेल तेल घेऊन आला. माक म्हणाली, नव्या कपड्याला डाग पडेल. रॉकेल आणलं, तर म्हणाली, ईदच्या दिवशी माझ्या अंगाला रॉकेलचा वास? गरम पाणी आणलं, तर म्हणाली, गुडघ्यावर सांडाल, ते आधीच दुखतात. सुरी सरकवून पाहतो, असं बहरोम म्हणाला, तर माकने त्याच्याकडे नुसतं पाहिलं. तो सुरी ठेवून आला.

"राहू द्या," माक म्हणाली. "मी काही उपाशी नाहीये इथे. रेंडांग वाढ जरा."

मग दिवसभर माक खुर्चीत बसून राहिली. गावातून माणसं येत राहिली. तिच्या जुन्या मैत्रिणी आल्या, तिच्याभोवती चटई टाकून बसल्या, कारण दुसरीकडे बसायची कोणाची हिंमत नव्हती. एकेकीला माक सांगायची, मी चिकटलेय बरं, आणि त्या तोंडाला ओढणी लावून खिदळायच्या. तिने तीनदा रेंडांग मागून घेतलं. अकराव्या मजल्यावर हीच बाई दोन घासांत ताट सरकवते, असं आलोंगच मला सांगायची. दुपारी मी, आलोंग आणि बिदिन मागच्या अंगणात बहरोमची विजार धुवायला गेलो. बहरोम बिदिनची चौकड्यांची लुंगी नेसून आमच्या डोक्यावर छत्री धरून उभा. रंग जाईना, आलोंग चिडचिड चिडली, आणि मग कोण जाणे काय झालं, त्या विजारीवरचं फूल बघून तिला हसू आवरेना. आम्ही दोघी बहिणी धुणं सोडून एकमेकींच्या अंगावर पडून हसलो. कित्येक वर्षांत तशा हसलो नव्हतो. परत आत आलो तर माक खुर्चीत डोळे मिटून नमाज पढत होती, आणि तिची पावलं ओली होती. पडद्याखालची वाटी लवंडली असेल, असं मला वाटलं.

संध्याकाळ झाली. बहरोमने घड्याळाकडे पाहिलं. दुसऱ्या दिवशी त्याचे पाहुणे यायचे होते, निघणं भाग होतं.

"माक," आलोंग म्हणाली, "दोघी मिळून जोर लावतो. एकदाच दुखेल."

माकने आधी तिच्याकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

"तुम्ही दोघी ठरवाल तसं," ती म्हणाली. "मी काय, चिकटलेली."

आलोंग वाकली. माकच्या दोन्ही बाजूंना, खुर्चीच्या हातांवर तिने आपले तळवे घट्ट टेकले, जोर लावणाऱ्या माणसासारखे. आणि तशीच थांबली. मग तिने एक तळवा उचलला. आवाज आला नाही. दुसरा उचलला. तिने आपल्या तळव्यांकडे पाहिलं, माकच्या तोंडाकडे पाहिलं. माक खिडकीबाहेर कोंबड्यांकडे बघत होती.

आलोंगने माकची ओढणी सारखी केली. मग तिने माकच्या कपाळाचा मुका घेतला आणि पर्स उचलली.

"घट्ट चिकटलीये," ती मला म्हणाली.  "आज काही निघत नाही. तिच्या गोळ्या गाडीत आहेत, काढून देते. रात्री पायाला शेक दे. आणि तो पडदा पुन्हा धू, उसू, बघवत नाही."

गाडी गेली. मी पायरीवर उभी राहून धूळ खाली बसेपर्यंत पाहिलं. काचेतून एकट्या आलोंगने हात हलवला होता. आत आले, म्हटलं आता सावकाश तेल सोडून माकला सोडवू या. खुर्ची रिकामी.

माक स्वयंपाकघरात, चुलीपाशी. पातेल्याचं झाकण काढून तळाची खरवड ओगराळ्याने खरडत होती.

"केतुपात संपलं का गं सगळं?" तिने विचारलं.

तेव्हा माझ्या टाळक्यात उजेड पडला. ती खुर्ची. रमजानच्या सुरुवातीला केलेली, चादरीखाली महिनाभर वाळलेली, खडखडीत. माझ्याच हाताने केलेली. काखेत कळसा आणि गावाला वळसा. आणि पावलांवरचं ते पाणी हिरवं नव्हतं, चांगलं स्वच्छ होतं, नमाजाआधी उठून पाय धुतलेलं, वजूचं. मी तिथेच उंबऱ्यावर बसले आणि रडले, आणि रडता रडता हसले. इतका आनंद मला माझ्या लग्नातही झाला नव्हता, हे बिदिनसमोर बोलूनही दाखवलं. तो म्हणाला, मलाही नव्हता झाला, आणि केतुपात शोधायला गेला.

दुसऱ्या दिवशी सकाळी आलोंगचा फोन. मागून पाहुण्यांचा गलका ऐकू येत होता.

"सुटली का माक?"

माक अंगणात कोंबड्यांना दाणे टाकत होती. फोनचा आवाज ऐकून तिने वळून पाहिलं आणि माझ्याकडे बघत मान हलवली, नाही म्हणून सांग.

"नाही गं," मी म्हटलं. "अजून तशीच आहे."

 पलीकडे आलोंगने नाक ओढल्याचं मला ऐकू आलं.

"ओढू नकोस हं तिला," ती म्हणाली. "साल निघेल."